भयपट : उत्कंठानिर्मिती व समीक्षा

प्रेक्षकाच्या मनात भीती उत्पन्न करणे व ती चित्रपटाच्या अखेरीपर्यंत टिकवून धरणे, हे ज्या चित्रपटप्रकाराचे प्रधान उद्दिष्ट असते, त्यास भयपट असे म्हणतात. भुतेखेते, पिशाच्चे, वैज्ञानिक प्रयोगांतून निपजलेले राक्षस, मनोविकृत खुनी इ. विषय त्यात येतात. तथापि विषय हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानता येत नाही. राक्षस पौराणिक चित्रपटांतही असतात आणि खून रहस्यपटांतही होतात. भयपटाचे वेगळेपण त्याच्या कालरचनेत आहे. काही अनिष्ट घडणार हे प्रेक्षकाला कळलेले असते, ते केव्हा व कोठून येणार हे कळलेले नसते आणि या दोहोंमधील काळ दिग्दर्शक हेतुपूर्वक ताणीत असतो. या ताणलेल्या काळातील मनोवस्थेस उत्कंठा म्हणतात. प्रस्तुत नोंदीत भयपटाचा समग्र इतिहास दिलेला नाही. उत्कंठा कशी रचली जाते आणि समीक्षकांनी तिला कसा प्रतिसाद दिला, एवढ्याचाच विचार येथे केला आहे. हे दोन प्रश्न एकत्र घेण्याचे कारण असे, की भयपटांविषयी समीक्षकांच्या हातून झालेल्या गाजलेल्या चुका बहुतांशी उत्कंठेची रचना दुर्लक्षून केवळ विषयाकडे पाहिल्यामुळे झालेल्या आहेत.

इंग्रजी ‘सस्पेन्स’ या शब्दाच्या मुळाशी टांगून ठेवण्याची कल्पना आहे. मराठीत रूढ झालेला उत्कंठा हा शब्द मुळात ओढीचा वाचक होय. संस्कृत साहित्यशास्त्रातील विरहोत्कंठिता ही प्रियकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नायिका असते. भयपटाच्या संदर्भात हा शब्द प्रथमदर्शनी विसंगत वाटला, तरी तोच अधिक यथार्थ आहे. भीतीमुळे मनुष्य टाळू पाहतो, उत्कंठेमुळे तो वाट पाहतो; भयपटाचा प्रेक्षक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करीत असतो.

भारतीय परंपरेत भयाच्या आस्वादाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक असून भय हा त्याचा स्थायी भाव होय. अभिनवगुप्ताने रसास्वादाचे स्वरूप विशद करताना कालिदासाच्या शाकुंतलातील, दुष्यंताच्या रथापुढे जिवाच्या आकांताने धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे सहृदयास भय प्रतीत होते, परंतु ते ‘मी भ्यालो’ किंवा ‘हा भ्याला’ अशा व्यक्तिगत संबंधांतून मुक्त झालेले असते. भयपटाचा प्रेक्षक आसन सोडून पळत का नाही, याचे स्पष्टीकरण या विवेचनातून मिळते. उत्कंठेचे मात्र पुरतेपणी मिळत नाही. हरिण पाहणाऱ्या सहृदयाला स्वतःसाठी काही नको असते. भयपटाच्या प्रेक्षकाला सतत काहीतरी हवे असते : ते दार उघडले जाऊ नये, तो दिवा विझू नये, तिने मागे वळून पाहावे. उत्कंठा ही अशा क्षणोक्षणीच्या इच्छांवर उभी असते आणि त्या इच्छा प्रेक्षकाच्या मनात पेरणे हेच भयपटकाराचे मुख्य कौशल्य होय.

या कौशल्याचे सर्वांत सुबोध विवेचन ॲल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) याने केलेले आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो याने १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली व ती १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत हिचकॉकने धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका कल्पित प्रसंगाने स्पष्ट केला. काही माणसे मेजाभोवती बसून किरकोळ गप्पा मारीत आहेत आणि अचानक मेजाखालील बाँबचा स्फोट होतो. येथे प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. तोच बाँब ठेवताना प्रेक्षकाने आधी पाहिला असेल आणि समोर घड्याळ असेल, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होतात व उत्कंठा पंधरा मिनिटे टिकते. म्हणजे उत्कंठेसाठी अज्ञान नव्हे, तर ज्ञान आवश्यक असते. प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडे अधिक माहीत असावे लागते. हे सूत्र पुढे इतके उद्धृत झाले, की ते यांत्रिक नियमासारखे वाटू लागले. प्रत्यक्षात प्रेक्षकाला किती सांगावे व केव्हा सांगावे, याचा निर्णय प्रत्येक दृश्यात नव्याने करावा लागतो.

हे प्रमाण साधण्याचा उत्तम नमुना हिचकॉकच्या विवेचनाच्या वीस वर्षे आधीच सिद्ध झाला होता. अमेरिकेतील आर. के. ओ. या चित्रपटसंस्थेने १९४२ मध्ये व्हॅल ल्यूटन (१९०४–५१) या निर्मात्याकडे स्वस्त भयपटांचा विभाग सोपविला. चित्रपटाचे नाव संस्था ठरवी, खर्चाची मर्यादा सुमारे दीड लाख डॉलर होती आणि लांबी सव्वा तासाच्या आत ठेवावी लागे. या अटींवर त्याने १९४६ पर्यंत नऊ भयपट निर्माण केले. त्यांतील पहिला, झाक तूर्नर (१९०४–७७) दिग्दर्शित कॅट पीपल (१९४२), विशेष महत्त्वाचा आहे. कामवासना जागृत झाल्यास आपण हिंस्र श्वापद होऊ, अशा भयाने ग्रासलेल्या इरेना या तरुणीची ही कथा. राक्षसाचे सोंग उभे करण्यास पैसा नसल्यामुळे श्वापद बहुधा सावलीतच राहिले. संस्थेच्या आग्रहाखातर एका दृश्यात प्रत्यक्ष काळा चित्ता आणावा लागला, तेव्हाही तूर्नर व छायालेखक निकोलस मुसुराका यांनी त्याला अंधारातच ठेवले.

या चित्रपटातील एक दृश्य बारकाईने पाहण्याजोगे आहे. इरेनाच्या पतीची सहकारी ॲलिस ही रात्री उद्यानालगतच्या रस्त्याने एकटी चालली आहे व इरेना तिच्या मागावर आहे. दिव्यांच्या खांबांखाली प्रकाशाची वर्तुळे पडलेली असून त्यांच्या मध्ये अंधार आहे. एका शॉटमध्ये ॲलिस, दुसऱ्यात इरेना, अशी रचना असून दोघींच्या पावलांचे आवाज निरनिराळ्या लयीत ऐकू येतात. संगीत नाही. मग एका क्षणी मागच्या पावलांचा आवाज थांबतो. इरेना पुढच्या प्रकाशवर्तुळात येतच नाही. ॲलिसला हे उमगते, ती चालण्याचा वेग वाढविते, धावू लागते; आणि चौकटीच्या कडेने श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज करीत एक बस तिच्यापुढे येऊन थांबते. संकलक मार्क रॉब्सन याच्या कल्पनेतून आलेल्या या युक्तीस चित्रपटव्यवसायात पुढे ‘बस’ हेच नाव पडले. तिच्या असंख्य नकला झाल्या. मांजर अंगावर उडी घेते, मागून मित्राचा हात खांद्यावर पडतो, या त्यांतील अगदी झिजलेल्या. नकलाकारांनी बस घेतली आणि तिच्याआधीचे चालणे सोडून दिले. वस्तुतः या दृश्यातील भय बसमध्ये नसून थांबलेल्या पावलांत आहे, कारण तेथून पुढे प्रेक्षक कानांनी अंधार शोधू लागतो. जेम्स एजी या समीक्षकाने ल्यूटनच्या निर्मितीची आस्थेने दखल घेतली, ही गोष्ट त्या काळच्या समीक्षेत अपवादात्मक होती.

तूर्नरच्या नाइट ऑफ द डीमन (१९५७) या ब्रिटिश चित्रपटासंबंधी दीर्घकाळ वाद झाला. त्यात पिशाच्च आरंभी व अखेरीस स्पष्ट दाखविले आहे. ते आपल्या इच्छेविरुद्ध घातले गेले, असे तूर्नरचे म्हणणे होते. न दाखविण्याचे पुरस्कर्ते तेव्हापासून या दोन्ही दृश्यांना सारखाच दोष देत आले आहेत. हा दोष निम्माच खरा आहे. आरंभी पिशाच्च पाहिलेल्या प्रेक्षकाला, पिशाच्चांवर विश्वास नसलेल्या नायकापेक्षा अधिक माहिती मिळते आणि त्याचे प्रत्येक तर्कशुद्ध भाषण मेजाभोवतीच्या गप्पांसारखे अस्वस्थ करू लागते. अखेरचे दर्शन मात्र निश्चितच अनावश्यक आहे.

उत्कंठा आणि समीक्षा यांच्या संबंधात १९६० हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी हिचकॉकचा सायको आणि मायकेल पॉवेल (१९०५–९०) याचा पीपिंग टॉम हे दोन चित्रपट काही आठवड्यांच्या अंतराने प्रकाशित झाले. सायकोची नायिका मॅरियन ही मालकाच्या व्यवहारातील ४०,००० डॉलर घेऊन पळते. पोलीस, मोटारविक्रेता यांच्या नजरा चुकवीत ती एका आडबाजूच्या मोटेलात येते व कथानकाचा एकतृतीयांशाहून थोडा अधिक भाग संपतो न संपतो तोच स्नानगृहात तिचा खून होतो. या खुनाच्या दृश्याचे चित्रीकरण सात दिवस चालले होते. हिचकॉकला तेथे संगीत नको होते. बर्नार्ड हरमन (१९११–७५) याने केवळ तंतुवाद्यांसाठी केलेली रचना ऐकल्यावर त्याने आपला विचार बदलला. या दृश्याविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु उत्कंठेच्या दृष्टीने त्यापुढचे दृश्य अधिक बोलके आहे. मोटेलचा तरुण चालक नॉर्मन हा आपल्या आईचे कृत्य झाकण्यासाठी स्नानगृह धुतो, प्रेत व सामान मोटारीत घालतो आणि मोटार दलदलीत लोटतो. मोटार अर्धीअधिक बुडते व थांबते. नॉर्मनचा हलणारा जबडा स्तब्ध होतो. त्या दोन-चार सेकंदांत प्रेक्षागृहातील जवळजवळ प्रत्येक जण ती मोटार बुडावी अशी इच्छा करतो. काही मिनिटांपूर्वी जिच्या सुटकेसाठी तो झुरत होता, तिचेच प्रेत नाहीसे व्हावे असे त्याला वाटते. मोटार बुडते, प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो आणि आपण काय इच्छिले हे त्याच्या ध्यानात येते, किंवा येत नाही.

हिचकॉकने समीक्षकांसाठी वेगळे खेळ ठेवले नाहीत आणि चित्रपट सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, अशी अट चित्रपटगृहांना घातली. चालू खेळात केव्हाही जाऊन बसण्याची तत्कालीन प्रेक्षकांची सवय पाहता ही अट केवळ जाहिरातीची क्लृप्ती नव्हती. ज्ञानाचा क्रम बिघडला तर चित्रपटच कोसळेल, हे त्यामागील कारण होते. बॉझ्ली क्राउदर या न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने प्रथम चित्रपटाविषयी नापसंतीचा सूर लावला. वर्षाअखेर मात्र त्याने आपल्या उत्कृष्ट दहा चित्रपटांच्या यादीत त्याला स्थान दिले. इंग्लंडमधील ऑब्झर्व्हरच्या ज्येष्ठ समीक्षक सी. ए. लझन या चित्रपट संपण्यापूर्वीच उठून गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आपले सदरलेखन थांबविले. रॉबिन वुड (१९३१–२००९) या तरुण शिक्षकाने सायकोचे गंभीर विश्लेषण करणारा लेख साइट अँड साउंड या नियतकालिकाकडे पाठविला, तो नाकारण्यात आला. नंतर तो पॅरिसच्या काइए द्यु सिनेमाने छापला. आपल्या इच्छा चित्रपट कशा वळवितो, हे वुडने दृश्यागणिक दाखविले होते. हिचकॉकविषयीचा त्याचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सायकोची प्रतिष्ठा त्यानंतर वादातीत झाली.

पीपिंग टॉमचे दैव इतके बलवत्तर नव्हते. त्याचा नायक मार्क हा चित्रपटनिर्मितिगृहातील छायाचित्रण विभागात काम करणारा लाजाळू तरुण आहे. कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायात दडविलेल्या पात्याने तो स्त्रियांचा खून करतो व त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरील भीतीचे चित्रण करतो. भीतीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ पित्याने त्याच्यावर बालपणी केलेले प्रयोग त्याच्या विकृतीच्या मुळाशी आहेत. पित्याची भूमिका पॉवेलने स्वतः केली व बालक मार्कची आपल्या मुलाकडून करवून घेतली. पहिला खून प्रेक्षकाला मार्कच्या कॅमेऱ्याच्या दर्शकातून पाहावा लागतो; त्यामुळे खुनी कोण, हा प्रश्न आरंभीच संपतो. पुढे रिकाम्या चित्रणगृहात मॉयरा शिअररने साकारलेली व्हिव्हियन हौसेने नाचत असते आणि मार्क शांतपणे कॅमेऱ्याची जुळणी करीत असतो. नृत्य लांबत जाते. दिग्दर्शकाने लपविलेले असे येथे फारसे काही नाही. ते नृत्य कधीच संपू नये आणि एकदाचे संपावे, अशा दोन इच्छा प्रेक्षकाच्या मनात झगडत राहतात.

ब्रिटिश समीक्षकांनी या चित्रपटावर जे लिहिले, त्याला तोड क्वचितच सापडेल. ट्रिब्यून या साप्ताहिकातील परीक्षणात तो गटारात वाहून टाकण्याच्या लायकीचा ठरविला गेला. वितरकाने लवकरच तो मागे घेतला. द रेड शूज (१९४८) यासारख्या चित्रपटांचा सहनिर्माता-सहदिग्दर्शक म्हणून लौकिक मिळविलेल्या पॉवेलला त्यानंतर इंग्लंडमध्ये मोठे काम जवळजवळ मिळालेच नाही. त्याचे १९६६ व १९६९ चे चित्रपट ऑस्ट्रेलियात झाले. सायकोत प्रेक्षकाला आपल्या सहभागाकडे डोळेझाक करण्याची सोय आहे. अखेरीस मानसोपचारतज्ज्ञ येऊन सर्व विकृती नॉर्मनच्या खाती जमा करतो. पीपिंग टॉममध्ये ही सोय नाही. पाहणे हीच तेथील विकृती असून चित्रपट पाहणे हा ज्यांचा व्यवसाय, त्या समीक्षकांना हा आरोप सर्वांत अधिक झोंबला असल्यास नवल नाही. त्यांना वाटलेली किळस खोटी नव्हती. ती आपल्या ठायी कशी उत्पन्न केली गेली, हे त्यांनी तपासले नाही आणि तिलाच निकाल मानले, ही त्यांची चूक होय. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी याच्या पुरस्कारामुळे १९७९ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रकाशात आला. प्रथम प्रतिकूल लिहिणाऱ्या डिलिस पॉवेल यांनी १९९४ मध्ये संडे टाइम्समध्ये आपले मत जाहीरपणे मागे घेतले. मायकेल पॉवेलला मरून तेव्हा चार वर्षे झाली होती.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. जॉर्ज रोमेरोचा नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) नवी वर्गवारी पद्धती लागू होण्याच्या सुमारास प्रदर्शित झाला व दुपारच्या खेळांना लहान मुलेही येऊन बसली. रॉजर ईबर्ट याने १९६९ च्या आरंभी लिहिलेल्या लेखात पडद्यापेक्षा प्रेक्षागृहाचेच अधिक वर्णन आहे : आरंभी आनंदाने किंचाळणारी मुले हळूहळू गप्प कशी झाली, हे त्यात येते. त्याला रूढ अर्थाने परीक्षण म्हणता येणार नाही. तथापि भयपटाचा परिणाम प्रत्यक्ष पाहून नोंदविणारे इतके प्रामाणिक लेखन थोडेच आहे. जॉन कार्पेंटरच्या हॅलोवीनच्या (१९७८) यशानंतर तरुण मुलींच्या पाठलागाचे व खुनांचे अनेक स्वस्त चित्रपट निघाले. ईबर्ट आणि जीन सिस्केल यांनी १९८० मध्ये आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक भाग या चित्रपटांच्या निषेधास वाहिला. कॅमेरा खुन्याच्या जागी ठेवून प्रेक्षकाला त्याच्या बाजूस ओढले जाते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हॅलोवीनला मात्र त्यांनी यातून वगळले. हा अपवाद विषयाच्या आधारे करता येत नाही, कारण विषय एकच होता. हॅलोवीनच्या रुंद चौकटीत रिकाम्या ठेवलेल्या कडा, पार्श्वभूमीला क्षणभर दिसून नाहीशी होणारी आकृती आणि दिग्दर्शकाने स्वतः रचलेली पियानोची पाच मात्रांची अस्वस्थ धून यांमुळे प्रेक्षक सदैव मुलीच्या वतीने शोधक नजरेने पाहत राहतो.

यानंतरची समीक्षा बव्हंशी विद्यापीठीय आहे. वुडने १९७९ च्या सुमारास, समाजाने दडपलेले सर्व काही राक्षसाच्या रूपाने परत येते, असा सिद्धांत मांडला. कॅरल क्लोव्हर हिने १९८७ चा निबंध व १९९२ चा ग्रंथ यांत दाखविले, की खुन्याच्या नजरेने आरंभ करणारे हे चित्रपट अखेरीस वाचलेल्या एकट्या मुलीच्या नजरेशी प्रेक्षकाला बांधतात. तरुण पुरुष प्रेक्षकांचीही यातून सुटका नसते. नोएल कॅरोल याने १९९० च्या आपल्या ग्रंथात भयपटाचे सुख राक्षसाचा शोध घेण्याच्या जिज्ञासेत असल्याचे प्रतिपादिले. त्याच्या मते, नैतिकदृष्ट्या योग्य असे फळ असंभाव्य वाटू लागते, तेव्हा उत्कंठा उत्पन्न होते. दलदलीतील मोटार या सूत्रात सहजी बसत नाही. या सर्व लेखनाने भयपटाला प्रतिष्ठा दिली, परंतु अर्थाच्या शोधात पावलांचा आवाज पुष्कळदा हरवला, हेही खरे. क्लोव्हरचे विवेचन त्यातल्या त्यात कॅमेऱ्याच्या जवळ राहते.

हिंदी चित्रपटात उत्कंठेचे एक निराळे साधन विकसित झाले. ते म्हणजे गीत. कमाल अमरोही यांच्या महल (१९४९) मध्ये नायकाला ओसाड वाड्यात एका स्त्रीचे गाणे ऐकू येते व तो त्याचा माग काढीत राहतो. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या या गीताच्या मुद्रणाच्या वेळी आपण ध्वनिक्षेपकापासून दूर उभ्या राहून गात गात त्याच्याजवळ आलो, अशी आठवण लता मंगेशकर यांनी सांगितली आहे. स्वर जवळ येतो आणि गाणारी दिसत नाही, ही रचना तूर्नरच्या थांबलेल्या पावलांचीच दुसरी बाजू होय. बीस साल बाद (१९६२) व वह कौन थी? (१९६४) या चित्रपटांनी ती पुढे चालविली. या तिन्ही चित्रपटांत अखेरीस भुताचा मानवी उलगडा होतो. त्याने प्रेक्षकाची बुद्धी शांत होते, पण ते गाणे मनातून जात नाही. दो गज जमीन के नीचे (१९७२) पासून रामसे बंधूंनी उघड पिशाच्चांचे चित्रपट काढले. त्यांत धक्क्यावर भर असून उत्कंठा अभावानेच आढळते. समकालीन समीक्षेने त्यांना उपेक्षेने मारले. त्यांच्यावरील स्वतंत्र ग्रंथ एकविसाव्या शतकातच निघाले.

राही अनिल बर्वे यांच्या तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटाची पार्श्वभूमी कोकणातील असून त्यामागे मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेची प्रेरणा सांगितली जाते. व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला. देवीच्या गर्भात कोंडलेल्या हस्तराकडून सोन्याच्या मुद्रा हिसकावण्याचे नियम येथे प्रेक्षकाला हळूहळू शिकविले जातात : पिठाचे रिंगण आखावयाचे, कणकेची बाहुली टाकावयाची, हस्तर ती खाण्यात गुंतला असता मुद्रा काढून दोराने वर यावयाचे. नियम कळल्यावर प्रत्येक विलंब जीवघेणा वाटतो आणि त्याच वेळी विनायकाच्या हाती आणखी एक मुद्रा यावी, असेही वाटत राहते. अखेरीस एकाऐवजी अनेक बाहुल्या एकदम खाली नेण्याची युक्ती त्याच्या मुलाला सुचते. ती ऐकताना प्रेक्षकालाही पटते. गर्भात जितक्या बाहुल्या असतात, तितकेच हस्तर प्रकट होतात. प्रथम प्रदर्शनात मर्यादित यश मिळालेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे उत्पन्न पहिल्या वेळेपेक्षा अधिक झाले.